मागून आणलेले आणि पारखून आणलेले



गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या घरी एक प्रकरण घडले. तसे ते तुमच्याही घरी घडले असेल, म्हणून सांगते. भाचा बापाच्या मोबाइलवर खेळ खेळत असे. खेळ फुकटचा. पण त्यात पुढे सरकायचे तर हिरे विकत घ्यावे लागतात. हिरे म्हणजे नुसती चित्रे, पैसे मात्र खरे. पोराने बापाचा पिन बघून ठेवला होता. तीन आठवड्यांत खात्यातून २,३४० रुपये गेले. भाऊ कंत्राटी कामगार आहे. महिनाअखेरीला वाण्याची उधारी द्यायला गेला तेव्हा त्याला कळले. मग जे व्हायचे ते झाले. पोराने मार खाल्ला, वहिनी रडली, मोबाइल कपाटात कुलूपबंद झाला.

मी गेले तेव्हा बारा वर्षांचा पोर खाटेच्या कोपऱ्यात बसला होता. मला म्हणाला, "आत्या, मी चोर नाही गं. दर वेळी थोडेच जात होते."

दर वेळी थोडेच! व्यसन आणि सावकार दोघेही असेच घरात शिरतात. मी त्याला समजावले. न विचारता घेणे म्हणजे दुसरे शील मोडणे, हेही सांगितले. पण घरी येताना मनात आले, मुलाला खेळ हवा वाटणे हा काही गुन्हा नव्हे. भगवान बुद्धांनी सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग उपभोगासाठी, दोन भाग कामधंद्यासाठी आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. म्हणजे संसाराच्या हिशेबात आनंदालाही जागा आहे. फक्त ती किती, हे आपण ठरवायचे. मोबाइलमधल्या दुकानदाराने नव्हे.

मला आमचे लहानपण आठवले. नव्वदीच्या दशकात आमच्या मजल्यावर एकाच घरात टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. आम्ही आठ-दहा पोरे दारात रांगेने बसायचो. प्रत्येकाला एक 'जीव'. तो गेला की रिमोट पुढच्याच्या हातात. कॅसेट एकदा विकत घेतली की तिने पुन्हा कधी एक पैसा मागितला नाही. असे खेळ आजही जुन्या बाजारात मिळतात. भाच्याला म्हटले, "शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊ. जुना घेऊ, पण बघून घेऊ."

पोराचा चेहरा फुलला. आईचा मात्र उतरला.

आई भावाकडेच असते. वय पंच्याहत्तरच्या पुढे. ती शांतपणे म्हणाली, "दुसऱ्याचं वापरलेलं माझ्या घरात नको."

या वाक्यामागे काय आहे ते मला ठाऊक आहे. आईच्या लहानपणी गावची पाटलीण वाड्याच्या ओट्यावरून जुने लुगडे खाली टाकायची. हातात देत नसे, टाकायची. आईची आई ते पदरात झेलायची आणि वर तिचेच गुण गायची. मढ्यावरचे कापडसुद्धा आपल्याच माणसांच्या वाट्याला यायचे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या स्त्रियांना राहणी बदलायला सांगितले, अस्पृश्यतेची खूण अंगावर वागवू नका म्हणून बजावले. ते गावोगाव पोचले, आमच्या आजीपर्यंतही पोचले. मुंबईला आल्यावर आईने मिलच्या खाणावळीत पोळ्या लाटल्या, पण आम्हा भावंडांना कधी कुणाचा उतरलेला फ्रॉक की शर्ट घातला नाही. दिवाळी नव्हे, चौदा एप्रिलला नवे कपडे. एकच जोड, पण नवा. त्या बाईला मी जुने यंत्र घरात आणते म्हणाले होते. तिला काय उत्तर द्यावे हे मला त्या वेळी सुचले नाही.

शनिवारी आम्ही दादरहून गाडी पकडून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडचे कागदावरचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. इलेक्ट्रॉनिक मालाचा हा मुंबईतला जुना बाजार. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारच बरा. वायरींची भेंडोळी, रिमोट, बॅटऱ्या, उघडी पडलेली यंत्रे. गल्लीतल्या एका दुकानात जुने व्हिडिओ गेम मांडले होते. पुढे मालक बसलेला आणि मागे टेबलावर एक वयस्क कारागीर, डोळ्याला भिंग लावून टीव्हीचा बोर्ड जोडत होता.

जाण्यापूर्वी मी एक काम केले होते, ते तुम्हीही करा. घरच्या टीव्हीच्या पाठीमागचा फोटो काढून नेला होता. जुन्या यंत्राला पिवळी, पांढरी आणि लाल अशी तीन टोके जोडायची भोके लागतात. नव्या टीव्हीत ती असतीलच असे नाही. ते न बघता माल आणला तर तो शोभेचा.

मालक म्हणाला, "ताई, चालू माल आहे. बिनधास्त घेऊन जा."

मी म्हटले, "चालू आहे तर चालवून दाखवा."

ऑफिसात इतकी वर्षे व्हाउचरे तपासली. सही बघितल्याशिवाय कागद पुढे सरकवायचा नाही, ही सवय. इथेही तेच केले. यंत्र उलटे करून खाली किती व्होल्ट लिहिलेत ते बघितले आणि सोबतच्या अडॅप्टरवरचा आकडा जुळवला. भलताच अडॅप्टर लावला तर यंत्र जळते. मग दुकानातल्या टीव्हीला जोडून चांगली पंधरा मिनिटे चालू ठेवायला लावले, कारण काही यंत्रे थंड असताना नीट चालतात आणि तापली की चित्र गोठते. दोन्ही रिमोटचे एकेक बटण भाच्याने दाबून बघितले. एका रिमोटचे उजवीकडचे बटण अडकत होते. तो बदलून घेतला. कॅसेट तीनदा काढून तीनदा घातली. कॅसेटच्या तोंडाशी तांब्या-सोन्याच्या रंगाच्या बारीक पट्ट्या असतात. त्या काळ्या किंवा हिरव्या पडल्या असतील तर ओलाव्याने खाल्ल्या आहेत असे समजावे.

लहानपणी कॅसेट चालली नाही की आम्ही तिच्यात फुंकर मारायचो. भाचाही तेच करायला गेला. कारागीर मागून ओरडला, "फुंकू नको बाळ! तोंडाची वाफ लागून पट्टी गंजते." मग त्याने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून पट्टी कशी पुसायची ते दाखवले. आयसोप्रोपिल अल्कोहोल या नावाने ते औषधाच्या दुकानात किंवा त्याच बाजारात मिळते. पुसून पूर्ण वाळल्यावरच कॅसेट घालायची.

मालकाने किंमत सांगितली १,३०० आणि वर एक बंदूक फुकट देऊ केली. पडद्यावर बदके उडतात, ती मारायची. भाचा बंदुकीवर भाळला. तेवढ्यात कारागीरच म्हणाला, "यांच्या घरी सपाट टीव्ही आहे ना? मग ही नाही चालणार. ही जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवरच चालते." भाचा क्षणभर हिरमुसला. मग म्हणतो कसा, "जाऊ दे आत्या. बदकं मारली तर पहिलं शील मोडेल ना?" कारागीर खो-खो हसला. शेवटी बंदूक सोडून यंत्राचा सौदा ९०० ला झाला आणि दोन कॅसेट ४०० ला. कॅसेट मूळ कंपनीच्या नव्हेत, नकला आहेत, असे मालकाने विचारल्यावर सांगितले. नव्वदीत आपल्याकडे आलेली बहुतेक यंत्रेसुद्धा जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ मध्ये काढलेल्या फॅमिकॉमच्या नकलाच होत्या. जुन्या बाजारात हा प्रश्न तोंडावर विचारावा, आणि नकलेला अस्सलचा भाव देऊ नये. पावती मागितली. तिच्यावर 'सात दिवसांत बिघाड झाल्यास बदलून देऊ' असे लिहून सही घेतली.

इतका शहाणपणा केला आणि बाहेर फूटपाथवर फसले! एका पथारीवर पिवळी कॅसेट होती, वर लिहिलेले '९९९९९९९ इन १'. म्हणजे एका कॅसेटमध्ये एक कोटीला एक कमी इतके खेळ. भाच्याने हात धरला. दीडशे रुपये दिले, न तपासता. घरी लावून बघितली तेव्हा खेळ निघाले पाच. तेच पाच नाव बदलून, क्रमांक बदलून पुन्हा पुन्हा. आमच्या ऑफिसात कुणी असा ताळेबंद लिहिला असता तर ऑडिटरने त्याला घरी बसवले असते. बी.कॉम. झालेल्या बाईने हे केले, म्हणून मुद्दाम छापायला देते आहे.

दुकानातून निघण्याआधी कारागिराने एक मोडकी कॅसेट उघडून भाच्याला दाखवली होती. आत एक हिरवी पट्टी आणि तिच्यावर काळे ठिपके. "सगळा खेळ यात," तो म्हणाला. येताना गाडीत भाचा गप्प होता. महालक्ष्मी गेल्यावर म्हणाला, "आत्या, हे पहिल्यांदा कुणी बनवलं? आपल्यासारख्या वस्तीतल्या कुणी असलं काही बनवलंय का कधी?"

मला उत्तर देता आले नाही. घरी पोचलो तर आईने खोक्याकडे बघितले आणि तोंड फिरवले. खोके रात्रभर गॅलरीत राहिले.

त्या रात्री मी पोराच्या प्रश्नामागे लागले. जे वाचायला मिळाले त्याने माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आई तांदूळ निवडत होती, तिच्यासमोरच मी भाच्याला आणि धाकट्या भाचीला ते सांगितले. तेच आता तुम्हाला सांगते.

त्या माणसाचे नाव जेराल्ड लॉसन. सगळे त्याला जेरी म्हणत. जन्म १ डिसेंबर १९४०, न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनचा. ज्या न्यूयॉर्कमध्ये १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले, तेच शहर. जेरी काळा, म्हणजे तिकडच्या निग्रो समाजाचा, ज्याच्या लढ्यापासून स्फूर्ती घेऊन आपल्या तरुणांनी १९७२ साली दलित पँथर उभी केली. जेरीचा बाप गोदी कामगार होता आणि त्याला विज्ञानाची पुस्तके वाचायचा नाद होता. आई मुलाच्या शाळेबाबत इतकी जागरूक की ती पालक संघाची अध्यक्ष झाली. पहिलीत असताना त्याच्या बाकाजवळ भिंतीवर जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा फोटो होता. कार्व्हर म्हणजे गुलामीत जन्मून मोठा शास्त्रज्ञ झालेला काळा माणूस. बाई जेरीला म्हणाल्या की तूही असा होऊ शकतोस.

आपल्या घरात भिंतीवर फोटो का असतो, हे मुलांना याहून वेगळे काय सांगायचे?

जेरी पोरवयात लोकांच्या घरी जाऊन टीव्ही दुरुस्त करायचा. कॉलेजात गेला, पण पदवी पूर्ण झाली नाही. शिकणे मात्र थांबवले नाही. वाचून, उघडून, जोडून तो इंजिनिअर झाला आणि कॅलिफोर्नियात फेअरचाइल्ड नावाच्या कंपनीत लागला. त्या काळी घरच्या टीव्ही गेममध्ये खेळ यंत्रातच जडवलेला असे. तो खेळून कंटाळा आला की यंत्र अडगळीत. खेळ वेगळ्या डबीत भरावा आणि डबी बदलावी, ही कल्पना अल्पेक्स नावाच्या एका छोट्या कंपनीतल्या दोन इंजिनिअरांनी काढली होती. पण घरातले पोर ती डबी हजार वेळा काढील, हजार वेळा घालील, तिला हात लावील, तरी आतली चिप मरणार नाही, असा पक्का माल बनवणे बाकी होते. ते काम जेरीच्या हाताखालच्या चमूने केले. नोव्हेंबर १९७६ मध्ये 'चॅनेल एफ' हे यंत्र बाजारात आले. कॅसेट बदलून खेळायचे ते जगातले पहिले घरगुती यंत्र. पुढच्याच वर्षी अटारी कंपनीने त्याच पद्धतीचे यंत्र काढले आणि नाव व पैसा तिकडे गेला. जेरी लॉसन ९ एप्रिल २०११ रोजी वारला. त्याच्या क्षेत्रातल्या लोकांनी त्याचा जाहीर सत्कार केला तो मरणाच्या जेमतेम महिनाभर आधी.

आता नीट विचार करा. खेळ यंत्रातून बाहेर काढता येऊ लागला म्हणूनच तो विकता येऊ लागला, बदलता येऊ लागला, शेजारच्याला उसना देता येऊ लागला. जुन्या कॅसेटचा बाजार उभा राहू शकला तो त्यामुळे. ज्या दुकानात आम्ही उभे होतो, त्याच्या मुळाशी एका गोदी कामगाराच्या पोराचे, टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचे डोके आहे.

आईचा हात तांदळात थांबला होता. तिने विचारले, "बाप गोदीत होता म्हणतेस?"

"हो आई."

"तुझ्या वडिलांसारखा."

आमचे वडील मुंबईच्या गोदीत हमाल होते. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "त्या दुकानदारानं फेकलं का तुमच्यापुढं?"

"नाही आई. मी मागितलं, त्यानं चालवून दाखवलं. बटण बिघडलं होतं ते बदलून दिलं. मी चारशे रुपये कमी केले. मोजून पैसे दिले. ही पावती, त्यावर सही."

आईला वाचता येते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली. तिने पावती डोळ्यांजवळ धरून अक्षर न अक्षर वाचली. घडी घालून स्वतःच्या पेटीत ठेवली. म्हणाली, "मग आण आत. पण फोटोखाली नको, बाजूला ठेव."

बंधू-भगिनींनो, माझ्या आईने जे एका पावतीवरून ओळखले ते मला धड शब्दांत सांगता आले नव्हते. वस्तू जुनी की नवी, यावर माणसाची इज्जत ठरत नाही. ती आपल्यापुढे कशी आली यावर ठरते. ओट्यावरून फेकलेले नवे कोरे लुगडेसुद्धा अपमानाचेच. आणि प्रश्न विचारून, पारखून, घासाघीस करून, मोजून पैसे देऊन आणलेली जुनी वस्तू मानाची. आजकाल आपल्यात उलटेच दिसते. शेजाऱ्याने नवे घेतले म्हणून हप्त्यावर नवे घ्यायचे, आणि हप्त्यापायी मुलीची शिकवणी बंद करायची. जुने टाळले म्हणजे गुलामी टळली असे नव्हे. हप्तेवाल्यापुढे मान खाली घालून उभे राहणे हाही एक ओटाच आहे.

आता हिशेब. यंत्र ९००, दोन कॅसेट ४००, माझ्या मूर्खपणाचे १५०. एकूण १,४५० रुपये. मोबाइलमधल्या हिऱ्यांचे २,३४०, आणि त्यातला एकही हिरा आज घरात नाही. भाच्याने ते पैसे फेडायचे ठरले आहे. तो रविवारी सकाळी वहिनीबरोबर भाजी आणतो, हिशेब वहीत लिहितो; दर खेपेला वीस रुपये त्याच्या नावे जमा. मार खाऊन जे कळले नाही ते वहीने कळू लागले आहे. खेळ अभ्यासानंतर अर्धा तास. दोन रिमोट असल्याने धाकट्या भाचीलाही अर्धा हक्क, आणि खरे सांगायचे तर तीच त्याला हरवते. मोबाइलवर पोर एकटेच वाकून बसायचे; आता दोघे भांडतात, हसतात, आणि आई मधूनच विचारते, "तो लाल टोपीवाला मेला का गं?"

एक सूचना करून थांबते. कॅसेट उसनी देता येते, हाच तिचा मोठा गुण. आमच्या विहारातल्या बालवर्गात आम्ही एक पेटी ठेवली आहे. ज्याच्या घरी जुनी कॅसेट, जुना कॅरम, बुद्धिबळ पडून असेल त्याने ते पुसून, दुरुस्त करून आणावे. वहीत नोंद करून मुले आठवड्यासाठी घरी नेतात. फाटके-तुटके आम्ही घेत नाही, तसे स्पष्ट लिहिले आहे. आणि मुले जेव्हा यंत्र उघडून आत बघतील, तेव्हा त्यांना रागावू नका. जेरी लॉसनही असाच उघडून बघायचा.

पेटीवर काय लिहावे याची चर्चा झाली तेव्हा भाच्याने सुचवले, 'इथे काही फेकू नये, हातात द्यावे.' तेच लिहिले आहे.

जय भीम!